सुपरमॅनचे खानदेशी उड्डाण

इंग्रज अमलातील मुलकी खात्याने 1869 साली नाशिक जिल्हा नव्याने बांधला, तेव्हा मालेगाव, बागलाण आणि नांदगाव हे मुलूख खानदेशातून काढून त्यास जोडले आणि तेव्हापासून मालेगाव दफ्तरी नाशिकचे झाले; परंतु कलेक्टरच्या हुकुमाने तालुका हलतो, नदी हलत नाही. मालेगावाजवळ मोसमचे पाणी पोटात घेऊन निघालेली गिरणा आजही चाळीसगाव, भडगाव हे तालुके ओलांडीत जळगावच्या बाजूने तापीस मिळते आणि आग्रा रोडने उत्तरेकडे निघालेल्या प्रवाशास पन्नासएक किलोमीटरांवर धुळे लागते. उरलेल्या खानदेशाचे 1906 साली पूर्व व पश्चिम असे दोन भाग होऊन जळगाव आणि धुळे ही त्यांची ठाणी झाली, ही गोष्ट शाळेच्या भूगोलात येते. मात्र मालेगावच्या माणसाची बोली, त्याची सोयरीक, त्याचा बाजारहाट आणि त्याचा विनोद यांनी 1869 ची ती हद्द कधी मनावर घेतली नाही. म्हणून ज्या प्रकरणाची हकीकत येथे सांगावयाची आहे ते कागदोपत्री नाशिक जिल्ह्यात घडले असले, तरी ते खानदेशाच्या इतिहासात मांडण्यास माझी हरकत नाही, वाचकाचीही नसावी.

हे प्रकरण म्हणजे परग्रहावरून आलेल्या, निळ्या अंगरख्याच्या आणि लाल झुलीच्या सुपरमॅन नावाच्या अमेरिकन अवतारी पुरुषास मालेगावच्या यंत्रमाग कामगारांनी आपल्या गावाच्या आकाशात उडविले, त्याचे. चित्रपटाच्या इतिहासकारांनी या घटनेकडे बहुधा कौतुकमिश्रित दयेने पाहिले आहे. गरीब बिचारे कारागीर, तुटपुंजे साहित्य आणि तरी केवढी ही जिद्द, असा त्या कौतुकाचा सूर असतो. मला तो सूर मान्य नाही. माणसास पडद्यावर उडविण्याच्या कलेची वंशावळ काढून पाहिली, तर मालेगावची माणसे या घराण्यातील दरिद्री नातलग नसून थेट वारसदार आहेत असे दिसते, आणि तेवढेच दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

वंशावळीचा आरंभ नाशिकच्याच माणसापासून करावा लागतो. धुंडिराज गोविंद फाळके यांनी 1912 साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर भांडवलदारांच्या मनात विश्वास उत्पन्न करण्यासाठी जो पहिला नमुना तयार केला, तो कोणत्याही देवाचा नव्हता किंवा राजाचाही नव्हता. एका कुंडीत पेरलेला वाटाणा ठरावीक अंतराने एकेका चित्रात टिपून त्यांनी त्याचे रोप क्षणार्धात वर येताना दाखविले. जे स्वतः हलत नाही, किंवा इतके सावकाश हलते की डोळ्यास कळत नाही, त्याची एकेक स्थिर प्रतिमा घेऊन त्या प्रतिमांच्या माळेतून चलन उत्पन्न करणे हेच पुढे ज्यास ॲनिमेशन म्हणू लागले त्याचे मूळ तत्त्व होय. आणि तीनच वर्षांनी, 1915 साली, ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात फाळक्यांनी काड्यापेटीतील काड्यांनाच नटाचे काम देऊन त्या तत्त्वाचा पुरता पाठपुरावा केला. यानंतर 1917 चा ‘लंकादहन’. त्यात अण्णा साळुंके या नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, कारण पडद्यावर उभी राहण्यास तयार होईल अशी स्त्री तेव्हा सहजी मिळत नसे. आणि त्यात हनुमंत समुद्र ओलांडून उडाला. जमीन सोडून वर जाणारा, जाता जाता लहान होत जाणारा तो मारुती पाहून प्रेक्षकांनी पडद्यासमोर हात जोडले. पोटाला चिमटा घेऊन, घरच्या माणसांना कामाला जुंपून आणि गावातल्या गावात मिळेल त्या साहित्यावर भागवून आकाशगमन साधावयाचे, ही रीत नाशिक जिल्ह्यात अशी आधीच रुळलेली होती. स्त्रीपात्राच्या अडचणीची गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. तिची गाठ पुन्हा पडणार आहे.

आता दुसरी शाखा. क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगल आणि जो शस्टर या दोन तरुणांनी, दोघेही परदेशातून पोटासाठी आलेल्या ज्यू कुटुंबांतले, सुपरमॅन हे पात्र निर्मिले, त्याचे सर्व हक्क एका प्रकाशकास 130 डॉलरांस विकून टाकले आणि 1938 च्या जून महिन्याची तारीख असलेल्या चित्रमासिकात तो प्रथम प्रकट झाला. पण हा पहिला सुपरमॅन उडत नव्हता, ही गोष्ट आज पुष्कळांस ठाऊक नसते. तो उडी मारीत असे. फर्लांगभर लांब, गगनचुंबी इमारती ओलांडणारी, परंतु शेवटी उडीच. पुढे 1941 साली मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर या बंधूंनी त्याच्यावर व्यंगचित्रपट काढावयास घेतले. दर उडीला गुडघे वाकवावयाचे, झेप घ्यावयाची, पुन्हा जमिनीवर आदळावयाचे आणि पुन्हा गुडघे वाकवावयाचे, हा प्रकार कागदावरील चौकटींत शोभला तरी चालत्या चित्रांत बेडकाच्या हालचालीसारखा हास्यास्पद दिसू लागला. तेव्हा त्या चित्रकारांनी त्यास सरळ हवेत तरंगते ठेवले. नभोवाणीवरील त्याच्या कथांतही सुमारे त्याच काळात त्याचे उड्डाण सुरू झाले होते. परंतु हात पुढे केलेला, आडवा, झूल फडफडवीत जाणारा जो देह आज साऱ्या जगाच्या डोळ्यांपुढे येतो, तो प्रथम हातांनी रेखाटलेल्या चित्रपटात दिसला. त्या मालिकेतील पहिल्या दहा मिनिटांच्या भागाचे अंदाजपत्रक पन्नास हजार डॉलरांचे होते, असे तिचे इतिहासकार सांगतात. हाही आकडा ध्यानात असू द्यावा.

सात वर्षांनी हॉलिवुडात सुपरमॅनवर जिवंत नटाची पंधरा भागांची मालिका निघाली, तेव्हा कर्क ॲलन या नटाला तारांनी टांगून उडविण्याचा प्रयत्न झाला. तारा दिसल्या आणि तो नाद सोडावा लागला. मग निर्मात्यांनी जी तोड काढली ती मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत गमतीची वाटते: नट धावत येई, झेप घेई आणि त्याचे पाय जमीन सोडतात तोच त्याच्या जागी रेखाटलेले चित्र येऊन ते उडत जाई; उतरताना पुन्हा नट. प्रेक्षकास फरक स्पष्ट दिसे आणि तरी तो दर आठवड्यास तिकीट काढी. उड्डाण खरे वाटावे यासाठी भांडवलाचा खराखुरा पूर लोटला तो 1978 साली. क्रिस्टोफर रीव्ह या नटाच्या ‘सुपरमॅन’ चित्रपटापुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. नटामागे निळा पडदा धरून नंतर त्या निळ्या रंगाच्या जागी आकाश बसविण्याची युक्ती तेव्हा प्रचलित होती. पण सुपरमॅनचा पोशाखच निळा, त्यामुळे पडद्याबरोबर नायकही नाहीसा होऊ लागला. अखेर नटावर आणि त्याच्या मागील विशिष्ट पडद्यावर समोरूनच दृश्य फेकण्याची नवी यंत्रणा उभारून तो पेच सोडवावा लागला, आणि त्या यंत्रणेच्या कर्त्यांस पारितोषिके मिळाली.

येथे आडवळण घेऊन चाळीसगावी थोडे थांबणे मला आवश्यक वाटते, कारण खानदेशात कॅमेऱ्याच्या करामतीची परंपरा मालेगावापासून सुरू झाली, असा समज होऊ नये. कैखुश्रू ऊर्फ केकी मूस हे पारशी गृहस्थ (1912 ते 1989) इंग्लंडात कलाशिक्षण घेऊन आले आणि चाळीसगावच्या रेल्वे स्थानकाजवळील आपल्या बंगल्यात जे बसले ते जवळजवळ अर्धशतक घराबाहेर पडले नाहीत. या स्वेच्छेच्या कैदेत त्यांनी एक विद्या सिद्ध केली: मेजावर किरकोळ वस्तू मांडून, दिव्याचा कोन साधून, त्यांचे छायाचित्र असे घ्यावयाचे की पाहणाऱ्यास तो विस्तीर्ण निसर्गाचा देखावा वाटावा. ज्याने हिमालय पाहावयास उंबरठा ओलांडला नाही त्याने मेजावर हिमालय उभा करावा, यात एक प्रकारचा खानदेशी हट्ट आहे. मूस यांच्या एकांतवासाच्या दंतकथा फार झाल्या. त्यांच्या मेजाचा अभ्यास मात्र व्हावा तितका झालेला नाही.

मालेगावचा हट्ट निराळ्या मातीचा. नारोशंकर राजेबहादूर यांनी बांधलेल्या भुईकोटाच्या आश्रयाने वाढलेल्या या गावात 1857 च्या बंडानंतर उत्तर हिंदुस्थानातून परागंदा झालेले मोमीन विणकर मोठ्या संख्येने येऊन वसले; हातमागाचे पुढे यंत्रमाग झाले; मोसमच्या एका तीरावर बहुशः मुसलमान आणि दुसऱ्या तीरावर बहुशः हिंदू अशी वस्ती विभागली गेली. धुळ्याच्या आणि जळगावच्या कापडगिरण्या एकामागून एक थंडावल्या तरी मालेगावचे माग घराघरांतून रात्रंदिवस खडखडत राहिले. आठवड्यातून सहा दिवस बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि शुक्रवारी सुटी. त्या सुटीत करावयाचे काय, तर सिनेमा पाहावयाचा. सिनेमावर या गावाचे प्रेम इतके उत्कट की नव्या खेळाच्या दिवशी चित्रपटगृहात शिट्ट्या, फुले आणि नाणी यांचा वर्षाव होई, आणि आवडत्या नटांच्या नावाने तट पडत. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ यंत्र आले तसे गल्लोगल्ली छोटे व्हिडिओ पार्लर निघाले, आणि त्यांपैकीच एक चालविणारे नासिर शेख हे या हकीकतीचे सूत्रधार होत.

नासिर शेख लग्नसमारंभांचे चित्रीकरण करीत. परदेशी चित्रपट पाहण्याची, आणि नुसते पाहण्याची नव्हे तर ते कसे जोडले आहेत हे न्याहाळण्याची त्यांना चटक होती. दोन व्हिडिओ यंत्रे एकमेकांस जोडून ते एका चित्रपटातील तुकडा दुसऱ्यात बसवीत. चॅप्लिन, बस्टर कीटन आणि जॅकी चॅन यांच्या करामती अशा एकाच मुशीत ओतल्या जात आणि शुक्रवारचा प्रेक्षक खूश होई. चित्रपटांच्या चोरट्या प्रतींबद्दल कायद्याचा बडगा आला तेव्हा त्यांच्या मनात सरळ विचार आला: दुसऱ्याचे दाखविण्यास मनाई असेल तर आपलेच बनवावे. संकलनाची विद्या कात्रीऐवजी कळ दाबून, शाळेऐवजी दुकानात आणि गुरूऐवजी गिऱ्हाइकाकडून शिकलेला हा माणूस 2000 साली ‘मालेगाव के शोले’ घेऊन पुढे आला. खर्च सुमारे पन्नास हजार रुपये. फ्लायशर बंधूंच्या पन्नास हजार डॉलरांशी हा आकडा जुळला हा निव्वळ योगायोग; पण इतिहासलेखकाने योगायोग टाकून का द्यावा?

मूळ ‘शोले’त दरोडेखोर घोड्यांवरून आगगाडीचा पाठलाग करतात. मालेगावच्या दरोडेखोरांना घोडे परवडले नाहीत म्हणून ते सायकलींवर बसले, आणि आगगाडीच्या जागी बस आली. हा पर्याय ज्या क्षणी सुचला तो क्षण मी फार महत्त्वाचा मानतो. घोडा नाही म्हणून चित्रपट करावयाचाच नाही, हा एक मार्ग. घोड्याचे दृश्य गाळावयाचे, हा दुसरा. घोड्याच्या जागी सायकल आणून ती घोडाच आहे अशा गांभीर्याने तिच्यावर मांड ठोकावयाची, हा तिसरा. विडंबन जन्मते ते या तिसऱ्या मार्गावर. खानदेशाच्या आणि नाशिकच्या डोंगरपट्टीत आदिवासींच्या भोवाड्यात लाकडी किंवा कागदी मुखवटा चढवून देव नाचतात, तेव्हा मुखवट्यामागे शेजारचा माणूस आहे हे साऱ्या गावास ठाऊक असते आणि त्याने देवाच्या पराक्रमास बाध येत नाही. सायकलीवरील डाकू त्याच समजुतीवर चालला. गावाने आठवडेच्या आठवडे तो चित्रपट पाहिला, घातलेला पैसा कित्येक पटींनी वसूल झाला आणि मालेगावात चित्रपटनिर्मितीची अशी लाट आली की तिला लोकांनी ‘मॉलिवुड’ हे नाव दिले.

या यशानंतर नासिर शेख यांनी सुपरमॅनला हात घातला, आणि सुदैवाने त्या निर्मितीच्या वेळी फैजा अहमद खान या माहितीपटकार आपला कॅमेरा घेऊन मालेगावात हजर होत्या. त्यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (2008) हा माहितीपट नसता तर आज आपण या प्रकरणाबद्दल ऐकीव गोष्टींवरच विसंबलो असतो. त्यात दिसते ते असे. सुपरमॅन झाले शफीक शेख. यंत्रमागावर काम करणारे, हाडांनी किरकोळ, पोलादी देहाच्या कल्पनेस प्रथमदर्शनीच छेद देणारे. खलपुरुष झाले अक्रम खान, ज्यांना मुंबईच्या चित्रसृष्टीची आस होती. लेखन फरोग जाफरी यांचे. लेखकाच्या उपेक्षेची आणि मुंबई पावणेतीनशे किलोमीटरांवर असूनही पोहोचता न येण्याइतकी दूर असल्याची त्यांची खंत माहितीपटात अशी उमटली आहे की ती ऐकताना कोणाही लिहित्या माणसास आपलीच फिर्याद कोणी दुसरा मांडीत आहे असे वाटावे. नायिकेचा प्रश्न आला तेव्हा नव्वद वर्षांपूर्वीची फाळक्यांची अडचण जशीच्या तशी पुढे उभी राहिली: गावातील स्त्री पडद्यावर येण्यास धजणार नाही. साळुंक्यांचा मार्ग आता बंद होता, म्हणून बाहेरगावाहून नटी आणण्याची तजवीज झाली.

आता उड्डाण. रीव्ह यांच्या चित्रपटातील ती निळ्या पडद्याची अडचण येथे नव्हती, कारण मधल्या काळात यंत्र बदलले होते. संगणकास कोणताही एक रंग नेमून दिला की तेवढाच रंग पुसून त्याच्या जागी दुसरे दृश्य बसविता येते, आणि पोशाख निळा-तांबडा असल्याने येथे हिरवा रंग निवडावयाचा हे ओघानेच आले. पण हिरव्या रंगाची भिंत असलेला स्टुडिओ मालेगावात कोठून येणार? एका उभ्या ट्रकच्या अंगावर हिरवे कापड ताणले की झाला स्टुडिओ. त्या हिरव्या पार्श्वभूमीपुढे आडव्या आधारावर शफीक यांना पालथे निजवावयाचे, हात पुढे, मान वर, झूल वाऱ्यावर. आधार हिरव्याने झाकावयाचा म्हणजे तो कापडाबरोबर पुसला जाईल. आणि मग संगणकावर त्या देहाखालून मालेगावची घरे, माग आणि रस्ते सरकवावयाचे. कॅमेरा सरकता हवा असेल तेव्हा तो सायकलीवर बसविला जाई आणि उंचावरून खाली आणावयाचा असेल तेव्हा बैलगाडी क्रेनचे काम करी. ज्या लोकांनी आयुष्यभर उभ्या आणि आडव्या धाग्यांची गणिते हातांनी सोडविली त्यांना प्रतिमेवर प्रतिमा विणण्याची ही क्रिया फार परकी वाटली असेल असे मला वाटत नाही.

तंत्राच्या दृष्टीने पाहता हे उड्डाण ना पुरते जिवंत चित्रीकरण, ना पुरते ॲनिमेशन. नटाची प्रतिमा त्याच्या पार्श्वभूमीपासून सोडवून घेऊन दुसऱ्याच पटावर चौकटीमागून चौकट सरकविणे हे काम मुळात चित्रकाराच्या मेजावरचे आहे. फाळक्यांच्या काड्या, फ्लायशरांची रेखाटने आणि कर्क ॲलन यांच्या जागी उडणारे ते चित्र यांच्याशी त्याचे गोत्र जुळते. जिवंत माणूस खरोखर उडतो असा आभास निर्माण करण्याचा खटाटोप करणारे 1978 चे हॉलिवुड हाच या परंपरेतील अपवाद होय. आणि अपवादाच्या मापाने मालेगावला मोजणे मला न्यायाचे वाटत नाही.

निर्मितीत विघ्नेही आली. एका दृश्याच्या वेळी कॅमेराच पाण्यात पडला. ज्या यंत्रावर सारा डोलारा उभा, तेच बंद झाल्यावर सगळ्यांचे चेहरे कसे झाले ते माहितीपटात पाहावे. चित्रीकरणाच्या मध्येच नायकाचे लग्न निघाले आणि सुपरमॅन बोहल्यावर चढून परत कामावर रुजू झाला. या विनोदी विघ्नांच्या मागे एक फार गंभीर काळ उभा होता, याचे स्मरण ठेवले पाहिजे. 8 सप्टेंबर 2006 रोजी शब-ए-बारातच्या दिवशी मालेगावात मशीद आणि बड्या कब्रस्तानाच्या परिसरात बाँबस्फोट होऊन तिसाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. 29 सप्टेंबर 2008 रोजी गाव पुन्हा हादरले. या दोन तारखांच्या दरम्यान बाहेरच्या जगाच्या लेखी मालेगाव म्हणजे स्फोट, तपास, बंदोबस्त आणि खटले. आणि नेमक्या त्याच दरम्यान गावातील काही माणसे एका सहकाऱ्यास हिरव्या कापडापुढे आडवे निजवून त्याची झूल कशी फडकेल याची चिंता वाहत होती. यावरून काही उदात्त सिद्धान्त काढण्याचा मोह मी टाळतो. नासिर शेख आणि त्यांचे सोबती लोकांना हसवू पाहत होते, आणि त्यांच्या हिशेबी तेवढे कारण पुरेसे होते.

त्या हसण्याची जात मात्र पाहण्यासारखी आहे. मालेगावच्या सुपरमॅनची विजार नाडीची, आणि ती नाडी सर्वांसमक्ष लोंबते. अमेरिकन सुपरमॅनचे सामर्थ्य परग्रहावरील खड्याने क्षीण होते. याला गावची हवा बाधते, त्याला दम लागतो. खलपुरुषाची महत्त्वाकांक्षा पृथ्वीवर राज्य करण्याची नसून सर्वत्र घाण करून ठेवण्याची आहे, कारण त्यास घाणच प्रिय. तंबाखूच्या पिचकाऱ्या, तुंबलेली गटारे, धूर हे सारे नगरपालिकेच्या तक्रारवहीतील विषय; पण तक्रारवही कोणी वाचीत नाही, म्हणून ते परग्रहावरच्या वीराच्या गळ्यात घातले. विज्ञानकथा आपल्याकडे बहुधा गंभीर चेहऱ्याने आली. जयंत नारळीकरांसारख्या खगोलशास्त्रज्ञाने ती मराठीत लिहिली तेव्हा तिच्यामागे ग्रहगोलांचे पक्के ज्ञान होते. मालेगावकरांपाशी ते नव्हते, पण विज्ञानकथेचे दुसरे जे निम्मे काम, म्हणजे परक्या ग्रहावरच्या डोळ्यांनी आपल्याच गल्लीकडे पाहणे, ते त्यांनी चोख बजावले.

सुपरमॅननंतर नासिर शेख यांनी ‘मालेगाव का चिंटू’ ही विनोदी मालिका दूरचित्रवाणीच्या सब वाहिनीसाठी केली, आणि एकेका चित्रपटाचा संसार करणारे हे लोक भागांमागून भाग काढण्याच्या धंद्यात आले. मालिकेचा धंदा निराळा असतो. उदाहरणार्थ, अमेरिकेत ‘फ्युचुरामा’ नावाची इसवी सन 3000 मधील जगाची विनोदी व्यंगचित्रमालिका 1999 साली सुरू झाली, 2003 साली थांबली, 2010 साली दुसऱ्या वाहिनीवर पुन्हा जिवंत झाली, 2013 साली पुन्हा थांबली आणि 2023 साली पुन्हा उठली. तेथे एका हंगामासाठी लेखकांचे मंडळ बसते, संहिता मेजावर वाचली जाते, आवाज आधी ध्वनिमुद्रित होतात, चित्रांचा कच्चा खर्डा त्यांवर बेतला जातो आणि बारीक रेखाटनाचे पुष्कळसे काम कोरियातील चित्रशाळेकडे जाते. मालिकेचे जीवित मात्र कोठल्यातरी कंपनीच्या वार्षिक ताळेबंदावर टांगलेले. मालेगावात लेखकांचे मंडळ चहाच्या टपरीवर बसले आणि ताळेबंद शुक्रवारच्या प्रेक्षकाने केला, हाच काय तो फरक. पुढे चित्रपटांच्या चकत्यांचा (सीडींचा) व्यापार बसला आणि मोबाईलवर चित्रफिती पाहण्याचे युग आले, तेव्हा मालेगावचेच शफीक नाट्या हे ‘छोटू दादा’ या नावाने अवतरले. ‘खानदेश का’ अशा बिरुदाने सुरू होणाऱ्या त्यांच्या विनोदी चित्रफिती आज यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिल्या जातात. खानदेश हे नाव देशभर पोहोचविण्याचे जे काम धुळे-जळगावच्या पुढाऱ्यांस साधले नाही ते या ठेंगण्या नटाने सहज केले, असे म्हणण्यात फार अतिशयोक्ती नाही. कलेच्या दृष्टीने मात्र त्या चित्रफितींत नाडीच्या विजारीतल्या सुपरमॅनची विलक्षण निरागसता मला सापडत नाही. मागणी वाढली की मालाचा पोत उतरतो, हे विणकरांच्या गावास कोणी सांगावयास नको.

शफीक शेख यांना तोंडाचा कर्करोग झाला आणि 2011 साली, ऐन तारुण्यात, ते वारले. माहितीपट त्याआधी देशोदेशींच्या महोत्सवांत जाऊन आला होता. हिंदुस्थानात चित्रपटगृहांतून तो लागला 2012 च्या जूनमध्ये, म्हणजे ज्याच्यामुळे तो झाला तो नायक गेल्यानंतर. आणखी बारा वर्षांनी रीमा कागती यांनी वरुण ग्रोव्हर यांच्या लेखनावरून ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट केला. तो टोरांटोच्या महोत्सवात 2024 साली आणि आपल्याकडे 28 फेब्रुवारी 2025 रोजी प्रदर्शित झाला. मालेगावने मुंबईची नक्कल करून पंचवीस वर्षे लोटल्यावर मुंबईने मालेगावची नक्कल केली. आदर्श गौरव, विनीत कुमार सिंह, शशांक अरोरा या नटांनी आपापली कामे उत्तम केली आहेत, यात वाद नाही. परंतु मूळ वस्तू ती मूळ वस्तू.

आणि त्या मूळ वस्तूबद्दलच शेवटी एक विनंती करावयाची आहे. फाळक्यांची ‘आगकाड्यांची मौज’ आज पाहावयास मिळत नाही. ‘लंकादहन’चे काही तुकडे तेवढे वाचले आहेत. त्या पिढीने आपल्या चित्रपटांस खेळ समजून टाकून दिले, याबद्दल आपण तिला दोष देतो. मालेगावचे चित्रपट ज्या चुंबकीय फितींवर आणि घरगुती चकत्यांवर उतरले त्यांचे आयुष्य तर सेल्युलॉइडहूनही कमी. दमट कपाटात पंधरा-वीस वर्षे पडली की त्यांवरील प्रतिमा विरू लागते. मालेगावाहून तासाभराच्या वाटेवर धुळ्यास इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ 1927 पासून उभे आहे. महाराष्ट्रभर पायपीट करून वाण्यांच्या वखारींतून, भटांच्या माळ्यांवरून आणि रद्दीच्या गाठोड्यांतून कागद वाचविणाऱ्या त्या माणसाचे दफ्तर तेथे जतन केलेले आहे. जळगावास बहिणाबाईंच्या नावाचे विद्यापीठ आहे, पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. या तिन्ही संस्थांच्या चालकांनी एकमेकांच्या पत्राची वाट न पाहता मालेगावास एक माणूस पाठवावा, व्हिडिओ पार्लरांच्या आणि लग्नाच्या चित्रीकरणाच्या जुन्या दुकानांतून जेवढ्या फिती व चकत्या मिळतील तेवढ्यांची यादी करवून त्यांच्या प्रती काढून घ्याव्यात, आणि नासिर शेख, अक्रम खान, फरोग जाफरी या मंडळींच्या जबान्या त्यांच्याच तोंडून नोंदवून ठेवाव्यात. खर्च फार येणार नाही.